सावड

रात्री अकराला मी आत शिरतो तेव्हा
पाषाणच्या टेकडीवरचे मोर गप्प झालेले असतात
आणि तळमजल्यावर एकशे अठ्ठावीस यंत्रं
गार हवा खात उभी.
दिवसा राबवणारे सगळे घरी गेलेत.
दिवे तेवढे लुकलुकतात,
काम नसलेला बैल गोठ्यात
उगाच कान हलवतो तसे.

हे वाया जातंय, मी म्हणालो होतो बैठकीत.
सहा वर्षं झाली.
लेखा विभागाच्या उपाध्यांनी चष्मा पुसला.
"वीजबिल आपलं आणि संशोधन जोरहाटचं?"
बरोबरच होतं त्यांचं.
वहीत तसा रकानाच नव्हता.

रकाना पडायला चौदा महिने लागले.
करार, कराराची दुरुस्ती, दुरुस्तीला मंजुरी,
कुणी कुणावर कितपत विश्वास ठेवायचा
याचं एक प्रमाणपत्र,
ज्याची मुदत दर वर्षी संपते
आणि नेमकी शनिवारी संध्याकाळी संपते.

मी पाबळचा.
आमचा एक बैल होता, त्याला नाव नव्हतं.
एक शेजारच्या तांबोळ्यांचा.
एका बैलाचा नांगर होत नाही,
म्हणून सोमवारी आमचं रान, मंगळवारी त्यांचं.
ज्या साली त्यांचा बैल लंगडला
त्या साली आम्ही तिसऱ्या घरचा आणून त्यांचं रान आधी केलं.
कुणी मोजलं नाही असं नाही.
मोजलं. चुलत्याने गोठ्याच्या भिंतीवर
कोळशाने रेघा ओढल्या होत्या.
मागितलं नाही फक्त.

हे मी बैठकीत बोललो नाही.
तिथे संसाधन-वाटप म्हणायचं होतं.

आता कामं येतात.
मदुराईचा कुणी सेल्वन
क्षयाच्या जंतूतलं एक प्रथिन घेऊन बसलाय,
त्याला चार लाख तऱ्हांनी घड्या घालून बघतो.
मेमरी मागतो ढीगभर, वापरतो निम्मी,
पंगतीत आधीच दोन जिलब्या जास्त वाढून घेणाऱ्यासारखा.
जोरहाटची निबेदिता बोरगोहाईं
ब्रह्मपुत्रेचा गाळ कुठे साचेल ते काढते.
तिची नदी रात्रभर माझ्या यंत्रांतून वाहते
आणि पहाटे खोली थोडी गरम लागते.
दोघांना मी पाहिलेलं नाही.
सवयी माहीत आहेत.

मे महिन्यातली गोष्ट. गुरुवार.
पुण्यात गुरुवारी वीज जाते, त्यात नवल नाही,
पण जनरेटर दुरुस्तीला खडकीला गेलेला
आणि निबेदिताच्या पुराचा एकोणिसावा दिवस.
एक्क्याण्णव टक्के.
रात्रपाळी संपूनही मी थांबलो होतो.
बॅटरीने सांगितलं, अकरा मिनिटं.

हैदराबादला फोन लावला.
तिकडे यास्मिन असते दिवसपाळीला,
आवाजावरून पन्नाशीची वाटते.
तीस यंत्रं मोकळी होतील का?
कुणाचं काम, हे तिने विचारलं नाही.
"भेज दीजिए," एवढंच,
आणि मागे कुणाला तरी तेलुगूत ओरडली.

अर्धवट पूर उचलला,
जिथवर पाणी आलं होतं तिथवरच्या खुणेसकट,
आणि पाठवून दिला.

मग पंखे थांबले.
सहा वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीत
भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला.
ते चार मिनिटं मागे होतं.

चहाच्या टपरीवर उपाध्ये उभे होते,
बशीत ओतून पीत.
"गेलं का?"
गेलं.
"आणि हैदराबादवाल्यांचं बिल?"
म्हटलं, त्यांनी काढलंच नाही.
उपाध्ये बराच वेळ बशीतच बघत राहिले.
"लिहून ठेवा मात्र," म्हणाले.

लिहिलं.
गुरुवार, हैदराबाद, तीस यंत्रं, नऊ तास.
चहाचे पैसे त्यांनी दिले,
ते लिहिलं नाही.